वहन आकार म्हणजे कोणत्या गाडीचं भाडं?

विजेच्या बिलाचा मजकूर ठरवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

साहेब-मॅडम मंडळींनो, नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. पण तुम्ही छापलेला कागद दर महिन्याला माझ्या काउंटरवर येतो, तोही एकदा नाही, दोनशे-अडीचशे वेळा. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटहून आत वळलं की कपाशी-तुरीच्या मधोमध आमचं गाव लागतं. गावात माझं दुकान आहे. पुढे किराणा, मागे झेरॉक्सचं मशीन, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, ज्यावर मी लोकांची विजेची बिलं भरतो. अकरा वर्षं झाली. बिल भरायला आलेला माणूस खिशात हात घालायच्या आधी विचारतो, ‘एवढं कसं काय आलं?’ या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्या कमिशनात बसत नाही, तरी देतो. न देऊन सांगता कोणाला! रात्री त्याच माणसाबरोबर पारावर बसायचं असतं.

हे पत्र डिसेंबर २०२४ मधल्या एका बिलामुळे लिहितोय. मागच्या गल्लीत एक आजी राहतात, पंच्याहत्तरीच्या, एकट्या. घरात एक पंखा, दोन एलईडी बल्ब आणि एक टीव्ही, तोही संध्याकाळच्या मालिकांपुरता. त्यांनी बिलाची घडी उलगडली, काउंटरवर तळव्याने सपाट केली, नातवाकडून पेनाने गोल करून आणलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘भाऊ, हे वाहन आकार कायचा हाये? माह्याकडं तं सायकलबी नाई.’

मी म्हटलं, ‘आजी, वाहन नाही ते. वहन.’

‘मंग वहन म्हंजे?’

‘वाहून आणणं. वीज तुमच्या घरापर्यंत आणून द्यायचा खर्च.’

‘आन् हे वरचे पैसे?’

‘ते विजेचे.’

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मापात मारलंय. ‘म्हंजे साखरेचे येगळे आन् साखर दुकानात आनल्याचे येगळे? तू घेतं का असे?’

मी घेत नाही, हे खरं आहे. माझ्या साखरेच्या भावात नागपूरहून आलेल्या ट्रकचं भाडं, हमाली आणि दुकानाचं भाडं सगळं मिसळलेलं असतं, गिऱ्हाइकाला एकच आकडा सांगतो. तुमचंही पूर्वी तसंच होतं. २०१६ च्या दर-आदेशानंतर वहनाचे पैसे वीज आकारातून बाहेर काढून वेगळ्या ओळीत दाखवायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता, गिऱ्हाइकाला कळावं की कशाचे किती. पण ओळ वेगळी केली आणि तिला नाव असं दिलं, की शंभरातल्या नव्वद जणांना ती नवीन वसुली वाटली. मग व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरायला लागले: ‘वहन आकार बेकायदा आहे, भरू नका.’ तसा निरोप घेऊन माझ्याकडे भांडायला आलेल्या माणसांना मी काय सांगायचं? बेकायदा नाही, नवाही नाही, पूर्वी पोटात होता तो आता अंगावर आला, एवढंच सांगतो. पटत नाही कोणाला.

आता नावांकडेच येतो, कारण माझी मुख्य तक्रार नावांची आहे. आमच्या मराठीत ‘आकार’ म्हणजे गोल, चौकोन, लांबोडा. भांड्याला असतो, ढगाला असतो. तुमच्या कागदावर एकूण चार आकार आहेत: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. त्यातून ‘गुणक अवयव’ असा एक शब्द मीटरच्या रकान्यात बसलाय. माझ्या पुतण्याला दहावीला जीवशास्त्रात अवयव होते, त्याने विचारलं, मीटरला कोणते? (घरगुती साध्या मीटरला तो बहुतेक एकच असतो, म्हणजे रिडिंगला एकाने गुणायचं. न छापला तरी कोणाचं काही बिघडणार नाही.) ‘आकारणी’ हा शब्द तलाठ्याच्या काळापासून लोकांना ठाऊक आहे, शेतसाऱ्याची आकारणी सगळे समजतात. तिथून ‘आकार’ आला असेल. पण आकारणी कळणाऱ्याला आकार कळेलच, असं धरून चालणं ही कार्यालयात बसून केलेली समजूत आहे.

आजींना मी त्या दिवशी जे सांगितलं, ते इथे नीट मांडतो. चुकलं असेल तर तुम्ही सुधारा. तुम्ही सुधारलंत तर निदान एकदा तरी कोणी समजावून सांगितलं, असं होईल.

पूर्वी वीज मंडळ एक होतं. २००३ चा विद्युत कायदा आला आणि जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले: वीज तयार करणारी कंपनी वेगळी, मोठ्या टॉवरांवरून नेणारी वेगळी, घरोघरी वाटणारी वेगळी. गावात अजून सगळे ‘एमएसईबी’च म्हणतात, मीही म्हणतो. वाटणाऱ्या कंपनीची कामं दोन. एक, वीज विकत घेऊन आपल्याला विकणं. दुसरं, खांब, तारा, उपकेंद्र, डीपी (म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर) उभ्या करून त्या चालू ठेवणं. पहिल्या कामाचे पैसे म्हणजे वीज आकार. दुसऱ्याचे म्हणजे वहन आकार. किती घ्यायचे ते कंपनी आपल्या मनाने ठरवत नाही, राज्याचा वीज नियामक आयोग सुनावणी घेऊन ठरवतो. ३१ मार्च २०२३ च्या आदेशात आयोगाने दोन वर्षांचे दर दिले होते. मी २०२४-२५ चे घेतो, कारण त्या वर्षाच्या बिलांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत: घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे. वहन प्रत्येक युनिटाला १ रुपया १७ पैसे. सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, जे कंपनीकडे राहत नाही, राज्य सरकारकडे जातं. पुढे दर बदलले, कागद तसाच राहिला.

आमच्याकडे वहनाबद्दल एक मोठा गैरसमज आहे, आणि तो बाळगणारे अडाणी नाहीत, त्यात शाळेतले गुरुजीही आहेत. आमच्या शिवारातून टॉवर लाइन जाते. पाऊस पडताना खाली उभं राहिलं की तारा चरचरतात, बैल बिचकतात. लोकांना वाटतं वहन आकार त्या टॉवरांचा. मग हिशेब सुरू होतो. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, कोराडी आणि खापरखेडा नागपूरला खेटून, कोळसा वणी-चंद्रपूरचा. सगळं आमच्या अंगणात, मग आम्हाला कसलं वहन? मुंबई-पुण्याकडून घ्या की! ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून सभेत टाळ्या पडतात. पण टॉवरवरून नेण्याला पारेषण म्हणतात आणि त्याचे पैसे वीज आकारात धरलेले आहेत. वहन आकार हा उपकेंद्रापासून तुमच्या मीटरपर्यंतच्या जाळ्याचा आहे, आणि तो अंतरावर नाही. पोस्टकार्डासारखं आहे ते. वर्ध्याला टाका की रत्नागिरीला, तिकीट तेवढंच. अंतराने फरक पडत नाही, दाबाने म्हणजे व्होल्टेजने पडतो. एखादा मोठा कारखाना अतिउच्च दाबाच्या लाइनीवरून थेट वीज घेत असेल तर त्याला वहन आकार लागत नाही, कारण गावातल्या डीपी आणि लहान तारा तो वापरतच नाही. आपण वापरतो.

कोळसा आमचा, राख आमच्या छपरावर आणि भाव सगळ्यांना सारखा, हे दुखणं खरं आहे. पण ते विधानसभेत मांडायचं दुखणं आहे. ते वहनाच्या ओळीवर काढलं की दुखणंही राहतं आणि ओळही कळत नाही.

आता आजींचं बिल. ३० युनिट. इंधन समायोजन, म्हणजे वीज तयार करण्याचा खर्च वर-खाली झाला की लागणारा फरक, महिन्याला बदलतं, कधी शून्यही असतं, म्हणून मी ते हिशेबातून वगळलंय, नाहीतर तुमच्यापैकी कोणी पाच रुपयांवरून मला खोडून काढायचं.

वीज आकार १४१ रुपये ३० पैसे. वहन ३५ रुपये १० पैसे. स्थिर १२८. झाले ३०४ रुपये ४० पैसे. त्यावर १६ टक्के शुल्क ४८ रुपये ७० पैसे. एकूण ३५३ रुपये १० पैसे.

मी बिलाच्या मागच्या बाजूला हे लिहीत होतो आणि शेवटचा आकडा पाहून पेन थांबलं. ३५३ रुपयांत विजेचे १४१. उरलेले २१२ रुपये विजेचे नाहीतच. ३५३ ला ३० ने भागा. आजींना एक युनिट ११ रुपये ७७ पैशांना पडलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं माझं घरचं बिल ड्रॉवरमध्ये होतं. १४० युनिट. घरात फ्रिज, दोन पंखे, कूलर, मिक्सर. वीज आकार ८८२ रुपये ६० पैसे, वहन १६३ रुपये ८० पैसे, स्थिर तेच १२८, शुल्क धरून एकूण १३६२ रुपये ३० पैसे. मला युनिट पडलं ९ रुपये ७३ पैशांना.

फ्रिजवाल्याला पावणेदहा आणि एका पंख्याच्या म्हातारीला पावणेबारा. मी दोनदा हिशेब केला, तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटरवर केला. चूक नव्हती. स्थिर आकार दोघांना सारखा, तो माझ्या १४० युनिटांत वाटला गेला की युनिटामागे नव्वद पैसे होतो, आजींच्या ३० मध्ये वाटला की सव्वाचार रुपये. ४ रुपये ७१ पैशांचा गरिबाचा दर हा बिलात दिसत होता तेवढा गरिबाचा नव्हता. आणि ही गोष्ट कोणालाही दिसू नये अशीच तुमच्या कागदाची रचना आहे. मुद्दाम केलीय असं मी म्हणत नाही. पण एवढ्या ओळी छापता, त्यात ‘या महिन्यात तुम्हाला एक युनिट सरासरी एवढ्याला पडलं’ ही एक ओळ नाही.

स्थिर आकार नसावाच, असं माझं म्हणणं नाही. मीही दुकान बंद ठेवलं तरी भाडं देतो. मीटर, रिडिंग, बिल छापणं, वीज घेवो न घेवो वीजकेंद्रांना द्यायचे ठरलेले पैसे, हे खर्च चालूच असतात, कुलूपबंद घरालाही बिल येतं ते म्हणूनच: २०२४-२५ मध्ये १२८ आणि शुल्क मिळून १४८ रुपये ४८ पैसे. पण जो कमीत कमी घेतो त्याच्यावर हा बोजा सर्वांत जड पडतो, हे तुम्ही सुनावणीत बसणाऱ्यांना सांगा. सुनावणी नागपुरात झाली तरी आमची आजी तिथे जाणार नाही. तिला तारीखही कळणार नाही.

आता कूलर. विदर्भात कूलर ही चैन नाही, हे तुमच्यातल्या कोणी मे महिन्यात एक रात्र आमच्या पत्र्याच्या घरात काढली असेल तर सांगायची गरज नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूलरच्या ताट्या बदलायच्या, टाकीतला मागच्या वर्षीचा गाळ काढायचा, पंपाला दोन टप्पल मारून जागं करायचं, आणि मग जूनच्या पावसापर्यंत त्याच्यासमोर पडून राहायचं. साधा कूलर दोनशे वॅटच्या आसपास घेतो. दिवसाला दहा तास चालला की दोन युनिट, महिन्याला साठ. पंचाहत्तर-ऐंशी युनिटांचं घर एकदम एकशे चाळीसवर जातं.

आणि इथे गावाचा दुसरा गैरसमज: ‘शंभराच्या वर गेलं की सगळेच युनिट महाग होतात.’ महिन्याच्या शेवटी लोक कूलर बंद करून उकाड्यात झोपतात, म्हाताऱ्या माणसांनाही झोपवतात, त्या एका युनिटाच्या भीतीने. मी ओरडून सांगतो, पहिले शंभर स्वस्त दराचेच राहतात, फक्त वरचे महागात जातात. तुमच्या बिलावर १०० युनिट इतक्याचे आणि ४० युनिट तितक्याचे असं ठळक मांडलेलं असतं, वाचता येईल अशा अक्षरात, तर माझा घसा वाचला असता. अर्थात वरचे महाग म्हणजे चांगलेच महाग आहेत. २०२४-२५ मध्ये वहन आणि शुल्क धरून शंभराच्या आतलं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडायचं, वरचं १३ रुपये २९ पैशांना. पंख्याचं युनिट आणि कूलरचं युनिट यात दुपटीचा फरक. हाच टप्पा महाबळेश्वरलाही शंभराचा आणि हिंगणघाटलाही शंभराचा. उन्हाळ्याचे तीन महिने आमचा टप्पा थोडा वर सरकवा, असं कोणी सुनावणीत मागितलं तर मी त्याच्या पाठीशी आहे.

(दारिद्र्यरेषेखालच्या गटाचं मात्र वेगळं आहे. तिथे वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की पुढे गटच बदलतो. त्यांची भीती खरी आहे. हेही बिलावर कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.)

आता डीपीची गोष्ट. कोणत्या कार्यालयाच्या हद्दीतली ते लिहीत नाही, कारण तिथला वायरमन भला माणूस आहे आणि त्याच्या हातात काही नव्हतं.

जानेवारीत आमच्या गावठाणाची डीपी जळाली. रात्री आठला मोठा आवाज झाला, निळा उजेड पडला, अर्धं गाव अंधारात. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, झाकण उघडून पाहिलं, तेलाचा जळका वास सगळ्या चौकात. म्हणाला, बदलावी लागते, पण गाडी नाही. तिसऱ्या दिवशीही गाडी नाही. गव्हाला पाणी देऊन दमलेली माणसं अंधारात जेवत होती, पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर. चौथ्या दिवशी गावाने ठरवलं. एकाचा ट्रॅक्टर, दुसऱ्याची ट्रॉली, डिझेलला घरटी वीस रुपये. ती वर्गणी माझ्याच काउंटरवर जमा झाली, वहीत नावं आहेत. चेन-पुली लावून जळालेली डीपी ट्रॉलीत घेतली, खाली कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, आणि सहा पोरं बरोबर देऊन तालुक्याला पाठवली. संध्याकाळी दुसरी घेऊन आली. रात्री साडेनऊला लाइट आली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या.

पुढच्या महिन्यात आजी बिल घेऊन आल्या. बोट त्याच ओळीवर. ‘आता सांग भाऊ. वहन कोनं केलं?’

मंडळी, माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. डीपीची देखभाल, तिची ने-आण, हाच तर वहन आकार. तोच आम्ही युनिटामागे १ रुपया १७ पैशांनी भरला आणि पुन्हा घरटी वीस रुपयांनी भरला. कोणाला वाटेल वीस रुपयांसाठी एवढं लिहिलं. पण गावाने स्वतः केलेल्या कामाची नोंद तुमच्या कुठल्या कागदावर नाही, आणि आम्ही केलेल्या वापराची पै न पै आहे.

एक बारीक गोष्ट यात आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो. वहन आकार युनिटावर असल्यामुळे त्या चार दिवसांचा तो लागला नाही. वीजच वापरली नाही तर वहन कसलं! स्थिर आकार मात्र पुरा लागला. अंधारातल्या चार दिवसांचाही. बंद पडलेला पुरवठा किती वेळात सुरू करायचा, याच्या मुदती आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीत आहेत, उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मागता येते, हेही आहे. गावात हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, नंतर कळलं. बिलाच्या मागच्या बाजूला ऑनलाइन भरण्याचे फायदे आणि वीजचोरीची शिक्षा यांना जागा मिळते. या मुदतींना दोन ओळी द्या.

तसंच ‘सरासरी’चं. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरं दिवसभर कुलपात असतात, सगळे सोयाबीन काढायला नाहीतर कापूस वेचायला. रिडिंगवाला येतो, कुलूप पाहतो, ‘लॉक’ टाकतो. दोन महिने अंदाजाचं बिल, तिसऱ्या महिन्यात खरं रिडिंग, आणि कागदावर एकदम तीनशे-साडेतीनशे युनिट. माणूस दुकानात येतो तो पांढराफटक पडून. त्याला वाटतं सगळे युनिट एकाच महिन्याचे धरले. तीन महिन्यांचे ३३० युनिट असतील तर टप्पेही तीन महिन्यांचे मिळायला हवेत, म्हणजे स्वस्त दराचे शंभर नाही, तीनशे. २०२४-२५ च्या दराने तसं केलं तर वीज आकार १७२१ रुपये ७० पैसे होतो. एकाच महिन्याचे धरले तर २९६५ रुपये ५० पैसे. १२४३ रुपये ८० पैशांचा फरक, वर शुल्क वेगळं. टप्प्यांचा लाभ बहुतेक वेळा दिलेला असतो, ‘समायोजित’ अशा एखाद्या आकड्यात मुरलेला. पण दिलाय की नाही हे तपासायला माझ्यासारख्यालाही कागद-पेन घेऊन अर्धा तास बसावं लागतं. मागे एका बिलात तो दिलेला नव्हता. अर्ज केला, दुरुस्ती झाली. तो अर्ज करणारा माणूस भांडखोर म्हणून प्रसिद्ध होता, म्हणून झाली. साधा असता तर भरून मोकळा झाला असता.

तक्रार कुठे करायची याबद्दलही तुमचा कागद मुखदुर्बळ आहे. १९१२ नंबर लोकांना पाठ झालाय, तो लाइट गेल्यावर. पण बिलाचा वाद असेल तर ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंच आहे, तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल आहे, आणि विदर्भातल्यांना त्यासाठी मुंबईला जायला नको, लोकपालांचं कार्यालय नागपुरातही आहे. थकबाकीसाठी लाइन कापायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, हे विद्युत कायद्याच्या कलम ५६ मध्येच आहे. माझ्या भिंतीवर मी हे मार्करने लिहून ठेवलंय. लोक वाचतात, मग विचारतात, ‘हे खरं हाये का, का तूच लिवलं?’ तुमच्या कागदावर असतं तर हा प्रश्न आला नसता.

मागणं मोठं नाही. दर कमी करा असं मी तुम्हाला म्हणत नाही, ते तुमच्या टेबलावरचं काम नाही. नावं बदला. वीज आकाराला ‘विजेची किंमत’ म्हणा. वहन आकाराला ‘तारा, खांब आणि डीपीचा खर्च’ म्हणा. स्थिर आकाराला ‘महिन्याचा ठरलेला खर्च, वीज वापरा अथवा न वापरा’ असं सरळ म्हणा, झोंबेल पण कळेल. वीज शुल्कापुढे कंसात ‘हे पैसे राज्य सरकारला जातात’ एवढं टाका. उन्हाळ्यापूर्वी अतिरिक्त सुरक्षा ठेवीची जी वेगळी चिठ्ठी येते, तिच्यावर ‘हे बिल नाही, ही तुमची ठेव आहे, हिच्यावर व्याज मिळतं’ असं मोठ्या अक्षरात छापा, कारण ती चिठ्ठी घेऊन लोक माझ्याशीच भांडतात. आणि ती एक ओळ, युनिट सरासरी कितीला पडलं त्याची. ती छापायला शाईशिवाय काही लागत नाही. छापायचं धैर्य मात्र लागेल.

तोवर मी माझी सोय करून ठेवलीय. एका पुठ्ठ्यावर बिलाची मोठी झेरॉक्स चिकटवली, प्रत्येक ओळीपुढे बाण काढून आमच्या भाषेत लिहिलं, आणि तो पुठ्ठा तेलाच्या डब्यांच्या वर टांगला. आजी परवा आल्या, चष्मा पुसून सगळा पुठ्ठा वाचला. वहनापाशी मान हलवली, म्हणजे मान्य नाही पण कळलं अशी. मग खाली सरकल्या आणि ‘इंधन समायोजन’वर बोट ठेवलं.

‘भाऊ, इंधन तं मी पऱ्हाट्याचं जाळतो. थे मीच वावरातून आनतो. त्याचे पैसे काऊन लावले?’

आपला,
एक बिल भरणा केंद्रवाला
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा